तीन चांदण्यांची वाट

भाद्रपद संपत आला की ठाण्याचं आभाळ तळ्यात-मळ्यात करायला लागतं. सकाळी लख्ख, दुपारी घामाच्या धारा, आणि संध्याकाळी नेमकं मळभ. नेमकं म्हणजे शनिवारी. बाकीचे सहा दिवस त्यानं हवं ते करावं, माझी काही तक्रार नाही. पण शनिवारी दिवेलागणीला मी गॅलरीत जाऊन उभी राहते, तेव्हा समोरच्या टॉवरच्या डोक्यावर राखाडी गोधडी पांघरून ते बसलेलं असतं. सून आतून म्हणते, "आई, शब्बाथ सुटायची वेळ ग्रुपवर आलीय. मिनिटासकट. कशाला ताटकळताय?" तिचं बरोबरच आहे. मी "हो गं" म्हणते आणि तिथेच उभी राहते. माझ्या नाकात तोवर ओल्या नारळाच्या झावळ्यांचा वास शिरलेला असतो. ठाण्यात कुठल्या आल्यात झावळ्या? तो वास कुंभकोणमचा आहे.

आम्ही बेने इस्राएल. म्हणजे कोकणातले मराठी यहुदी. हे मला जन्मभर समजावून सांगावं लागलं आहे, तेव्हा इथेही सांगून टाकते. आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावानं त्यांना शनवार तेली म्हटलं. हिब्रू फारसं कुणाला येत नव्हतं. देव एक आहे, शनिवार म्हणजे शब्बाथ पाळायचा आणि संकटात एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावानं मलिदा करायचा, एवढ्या शिदोरीवर पिढ्यान्‌पिढ्या निघाल्या. मग कुणीतरी मोशेची, योसेफाची आख्यानं रचली, त्यांत ओव्या आणि साक्या घातल्या, आणि आमच्यात कीर्तनं सुरू झाली. फेटा, उपरणं, हातात झांज आणि तोंडी मोशे. ज्यांना पोथीतलं अक्षर कळत नव्हतं, त्यांना तांबडा समुद्र दुभंगलेला डोळ्यांसमोर दिसायचा तो कीर्तनात. बायका पदराला डोळे पुसायच्या. म्हणून आमच्यात कीर्तनकाराला अर्ध्या हज्जानाचा मान. हज्जान म्हणजे प्रार्थना चालवणारा. माझे दानीएलमामा मुंबईत हज्जान होते आणि माझे वडील, पप्पा, कीर्तनकार. आता एका घरात दीड हज्जान म्हटल्यावर आमचं काय होत असेल ते बघा.

पप्पांचं पोट मात्र रेल्वेवर चालायचं. ते असिस्टंट स्टेशनमास्तर होते. हुबळीहून त्यांची बदली झाली ती एकदम कुंभकोणमला. पन्नासचं दशक सुरू होऊन दोन-चार वर्षं झाली असतील. मी दहा-अकरा वर्षांची. आई आठवडाभर रडली. तिथे ना आपलं माणूस, ना आपली मशीद, ना मटण. आमच्यात प्रार्थनेच्या जागेला जुनी माणसं मशीदच म्हणत. मटण कापायला शास्त्र शिकलेला माणूस लागतो, तो तिथे कुठला? मग महिनोन्‌महिने आम्ही सांबार-भात आणि दही खाऊन राहिलो. शेजाऱ्यांना वाटलं, मुंबईकडचं कुणी फार सोवळ्याचं कुटुंब आलं आहे. आईनं तो गैरसमज तसाच राहू दिला.

आल्या-आल्या आई मला घेऊन बाजारात गेली. तमिळ येत नव्हतं, म्हणून बोटांनी भाजी मागत होती. पाठीमागून आवाज आला, "बाई, ती वांगी घेऊं नोको. किडकी अहेत."

आईच्या हातातली पिशवी पडता पडता राहिली. मागे एक उंच, वाकलेले म्हातारे गृहस्थ उभे होते. कपाळावर उभं गंध, कानात भिकबाळी, काखेत छत्री. डोळे दुधाळ. त्या डोळ्यांना किडकं वांगं दिसलं तरी कसं, हे कोडं आईला जन्मभर पडलं. हेच सखारामराव. सगळं गाव त्यांना भागवतर म्हणे, आम्ही बुवा म्हणू लागलो. मराठ्यांच्या राज्यात तंजावरकडे आलेली जी मराठी घराणी तिथेच राहिली, त्यांतलं त्यांचं घर. घराबाहेर तमिळ, घरात मराठी, पण ती मराठी ऐकून वाटायचं की जुन्या ट्रंकेतला शालू कुणीतरी रोज नेसतंय. 'कुठे'ला 'कोठ', 'छान'ला 'बरव'. मी सुरुवातीला तोंडावर हात धरून हसायची. आईनं एकदा दंडाला चिमटा काढला, तेव्हा थांबले.

बुवा कीर्तनकार होते, भागवतर म्हणजे तेच, हे पप्पांना दुसऱ्याच दिवशी कळलं, आणि तिसऱ्या दिवशी पप्पा त्यांच्या ओसरीवर. मग रोजचंच झालं. ड्यूटी संपली की पप्पा टोपी काढायचे, कोट खुंटीला लावायचे आणि मेलकावेरी वस्तीच्या बाजूला त्यांच्या घरी चालू पडायचे. कधी मला न्यायचे. पितळेच्या पेल्यात कॉफी यायची, ती वरून ओतत ओतत फेसाळ करायची बुवांच्या हाताला सवय होती. दिसायचं नाही तरी एक थेंब सांडायचा नाही. बुवांना बायको नव्हती. मुलगा मद्रासला नोकरीत. तो तमिळ सिनेमाची गाणी गुणगुणायचा म्हणे, कीर्तनाला उभा राहिला नाही. "माझ्यामागं हे सूर कोण धरील?" असं बुवा कधीतरी म्हणत. कॉफी बरी झालीय का, असं विचारावं तितक्या साध्या आवाजात.

त्यांच्या साक्यांच्या चाली आमच्याकडे नव्हत्या. आमच्याकडे साकी म्हणजे एकाच सुरात पुढे ढकललेली ओळ. बुवांची साकी जिथे संपायला हवी तिथे संपायची नाही. वर जायची, तिथे थोडी रेंगाळायची आणि मग आपण विसरलो असं वाटत असताना हळूच खाली यायची. पप्पा म्हणायचे, "आपल्या कोकणातून निघालं असेल हे कधीतरी. आपल्याकडे हरवलं, यांनी सांभाळलं." ते खरं होतं की नाही ते मला माहीत नाही. पण पप्पांना तसं वाटे आणि त्यांचा चेहरा उजळे, एवढं मी पाहिलं आहे.

त्या उन्हाळ्यात दानीएलमामा मुंबईहून आले. आल्या दिवशी त्यांनी शास्त्रानं दोन कोंबड्या कापल्या. आईनं सगळ्या खिडक्या लावून, घरमालकाला वास जाऊ नये म्हणून ऊद जाळून, नारळाच्या दुधातला रस्सा केला. इतक्या चोरून जेवलेलं ते माझं पहिलं जेवण. दुसऱ्या संध्याकाळी पप्पा मामांना बुवांकडे घेऊन गेले. मामा मोठे गायक माणूस. सणाच्या दिवशी त्यांनी प्रार्थना सुरू केली की मशिदीतली पोरंसुद्धा गप्प होत. बुवांच्या दोन साक्या ऐकल्या आणि मामांनी टोपी काढून परत घातली. त्यांना काही फार आवडलं की ते तसं करायचे.

परत येताना रस्त्यात मामा म्हणाले, "आपली माणसं गाठोडी बांधताहेत. या महिन्यात दोन घरं इस्राएलला गेली. उरलेल्या पोरांना कीर्तनाला बसवायचं तर नवं काहीतरी पाहिजे. तू योना कर. या बुवांच्या चालीत. पुढच्या वर्षी मुंबईला आण, मी सगळ्यांना बसवतो. पोरं बसली तर कीर्तन राहील, नाहीतर आपल्याबरोबरच संपेल."

पप्पा घरी येऊन रात्रभर कूस बदलत राहिले, असं आई सांगायची.

योना म्हणजे तो देवापासून पळून जाणारा नबी. देवानं त्याला निनवे शहरी जायला सांगितलं आणि हा उलट दिशेच्या, तार्शीशच्या गलबतावर चढला. वादळ, मग मासा, माशाच्या पोटात तीन दिवस. किप्पूरच्या, म्हणजे पापांची क्षमा मागायच्या उपासाच्या दिवशी, ज्याला आमची जुनी माणसं दारफाळणीचा सण म्हणत, दुपारी ही गोष्ट वाचतात. मशिदीत दहा पुरुष जमले तरच पुरी प्रार्थना होते. कुंभकोणमला पुरुष एक, म्हणजे पप्पा. त्यांनी पांढरे कपडे घालून, उपाशीपोटी, आईला आणि मला समोर बसवून योना मराठीत वाचला. शेवटी पुस्तक मिटून म्हणाले, "कीर्तनाला दहा माणसं लागत नाहीत. एक सांगणारा आणि एक ऐकणारा पुरतो."

तिथून तो मोसम सुरू झाला. मला आठवणारा एकच मोसम, खरं तर. बाकीची वर्षं नुसती गेली.

आई पदं रचायची. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे मुंबईत जो तो म्हणायचा, तुझ्या पप्पांचा योना. सांगायची गोष्ट पप्पांची, चाली बुवांच्या, पण शब्द आईचे होते. वाटण वाटता वाटता ती पुटपुटायची आणि मला ओरडून सांगायची, "ध्यानात ठेव गं, हात भरलेत माझे." माझं डोकं म्हणजे तिची वही. मग मी ते बुवांना जाऊन म्हणून दाखवायची. बुवा डोळे मिटून ऐकत, मांडीवर बोटं वाजवत. एखादा शब्द अडला की म्हणत, "आईला सांग, हा खडा अहे. दाताखाली येतो." आई चिडायची. "त्यांना म्हणावं, तुम्हीच निवडा तांदूळ." पण शब्द बदलून द्यायची.

त्यातल्या एका साकीच्या या पहिल्या दोन ओळी बुवांना फार आवडल्या होत्या:

योना पळतो तार्शीशाला, पाठी धावे वारा
कुठे लपावे तुजपासोनी, तुझाच सिंधू सारा

बुवा म्हणाले, "बरव. तुझी आई आमच्या घराण्यांत जन्मायची, चुकून तिकडं गेली."

शेजारी नवरात्रातल्या बाहुल्यांच्या पायऱ्या अजून मांडलेल्या होत्या. आई हळदीकुंकवाला न जाता नुसती बघायला गेली आणि ओंजळभर चण्यांची उसळ घेऊन आली. लगोलग आमचा सुक्कोथ आला, मांडवांचा सण. अंगणात झावळ्यांचा मांडव घालायचा आणि आठवडाभर त्यात जेवायचं. मांडवाचं छप्पर विरळ हवं, आतून चांदण्या दिसल्या पाहिजेत, असं शास्त्र. झावळ्या बुवांनीच माणूस पाठवून आणवल्या. मग स्वतः छत्री टेकत आले, हातानं छप्पर चाचपलं आणि म्हणाले, "स्टेशनमास्तर, ऐन पावसाच्या महिन्यांत भोकांचा मांडव घालतां. तुमच्या देवानं आमचा मुलूख पाहिलेला दिसत नाही." पप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. पाऊस खरंच आला. आम्ही भिजलेल्या भातावर रस्सम ओतून जेवलो आणि आईनं वर बघून देवाला दोन शब्द सुनावले.

बुवांची शिकवायची तऱ्हा वेगळी होती. इथेच सगळी मेख आहे, म्हणून नीट सांगते. ओसरीवर बसून ते अर्धीच चाल द्यायचे. साकीच्या दोन ओळी, पदाचं धृपद. उरलेली चाल उभ्या कीर्तनात, लोकांसमोर. शिकणाऱ्यानं मागे साथीला उभं राहायचं, हातात झांज धरायची, आणि बुवा वर गेले की त्यांच्यामागून जायचं. त्यांच्या वडिलांनी त्यांना असंच दिलं, आजोबांनी वडिलांना. पप्पांनी एकदा धीर करून विचारलं, "बुवा, एकदा सबंध बसूनच म्हणा ना. मी पाठ करतो."

"बसून दिलेलं बसूनच राहतं," बुवा म्हणाले. "तुम्हांस उभं करायचं अहे."

देवाचा प्रश्नही त्यांनीच सोडवला. आमच्या कीर्तनात आरंभी गणपतीचं नमन चालणार नाही, हे सांगायला पप्पा लाजत होते. बुवांनी ओळखलं. म्हणाले, "नमन तुमच्या देवाचं मोठ्यानं करूं. माझं मी मनांत करतों. त्यास ऐकूं येतं." दिवा मात्र हवा. समई लावल्याशिवाय त्यांच्या घराण्यात कुणी झांजेला हात लावला नव्हता. पप्पा म्हणाले, दिवा काय, आमच्यातही असतो. असं सगळं जमत आलं होतं. सणवार आटोपले की कीर्तन करायचं, आमच्याच अंगणात, त्याच मांडवात, वर चांगलं दाट छप्पर घालून. दिवस काही नक्की झाला नव्हता. घाई कुणाला होती? बुवा कुठे जाणार होते?

एका शुक्रवारी दुपारी मद्रासहून तार आली. डोळ्यांच्या दवाखान्यात बुवांसाठी जागा मिळाली होती. रविवारी दाखल व्हायचं. मुलगा शनिवारी सकाळी येऊन रात्रीच्या गाडीनं त्यांना घेऊन जाणार. घर बंद करायचं, कारण आता बुवांना एकटं ठेवायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं.

पप्पा धावत त्यांच्याकडे गेले. बुवा शांत होते. "उद्यां गाडीपूर्वी उभे राहूं," म्हणाले. "जेवढा वेळ मिळेल तेवढा."

शुक्रवार मावळला की आमचा शब्बाथ सुरू. शनिवारी संध्याकाळी आभाळात तीन चांदण्या दिसल्या की सुटतो. तोवर विस्तव पेटवायचा नाही, वाद्याला हात लावायचा नाही, दुसऱ्याकडून करवून घ्यायचं नाही. पप्पा शनिवारची ड्यूटी एका ख्रिस्ती सहकाऱ्याशी बदलून घेत आणि त्याचा रविवार स्वतः करत. शुक्रवारी संध्याकाळी ते रेल्वेचं खिशातलं घड्याळ काढून कपाटात ठेवत आणि किल्ली आईजवळ देत. हे मामांमुळे. लग्नाच्या सुमारास मामांनी त्यांना सांगितलं होतं, "सहा दिवस तू घड्याळाचा. शब्बाथ आभाळाचा. चांदण्यांनी सुटतो, काट्यांनी नाही." पप्पांच्या मनात ते असं बसलं, जणू एखाद्या सिग्नलमन‌ला साहेबाचा हुकूम असावा. हुबळीत काही अडचण आली नाही. हुबळीत मळभ आलं तर वाट बघत बसायचं, त्यापायी कुणाची गाडी चुकणार नव्हती.

शनिवारी दुपारीच आभाळ भरून आलं. तिथला पाऊस आपल्यासारखा नाही. आपला पश्चिमेकडून येतो, आणि तो यायचा पूर्वेकडून, समुद्रावरून, संथपणे, पाहुणा मुक्कामाला यावा तसा. पडला फार नाही. नुसता बसून राहिला. ऊन गेल्यावर माणसं यायला लागली. बुवांच्या ओळखीची मराठी घरं, मृदंगवाला, दोन-तीन रेल्वेतले. सगळे मांडवात चटयांवर बसले. बुवा नवं उपरणं घालून आले. मुलगा सामान जटक्यात, म्हणजे तिकडच्या टांग्यात, ठेवून दाराशी उभा राहिला. मांडवात समई होती, तेल घातलेलं, वात ओली. शेजारी काडेपेटी. झांज पप्पांच्या चटईवर उलटी ठेवलेली.

चांदण्या बघायचं काम नेहमीच माझं होतं. घराघरांतून ते पोरांचंच असतं. मी परसात गेले, मग रस्त्यावर गेले, मग कोपऱ्यावरच्या देवळाच्या तळ्यापाशी गेले, तिथे आभाळ जास्त दिसतं म्हणून. काही नाही. काळं होत गेलं, पण एक टिपूससुद्धा नाही. परत आले की सगळे माझ्या तोंडाकडे बघायचे. मी मान हलवायची.

एकदा आईनं मला स्वयंपाकघरात ओढलं. "नीट बघितलंस का? तीन राहू दे, एखादी?"

"नाही गं. सगळं आभाळ आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. 'दिसली' म्हण, असं ती मला सुचवत होती, ते मला फार वर्षांनी समजलं, जेव्हा मला मुलं झाली. त्या वेळी मी पुन्हा रस्त्यावर धावले.

शेजारच्या एका गृहस्थांनी म्हटलं, "दिवा मी लावूं कां? माझा कोठ शनिवार अहे?"

पप्पा म्हणाले, "माझ्यासाठी लावलेला मला चालत नाही हो."

"दिवा लागला तरी झांज कोण धरील?" बुवा म्हणाले. "मला यांच्या हातांत द्यायचं अहे."

झावळ्यांवरून पाणी टपकत होतं. माणसं चुळबुळायला लागली, एक बाई पोराला घेऊन उठली. मृदंगवाल्यानं मृदंगाला गवसणी घातली. दाराशी मुलानं तमिळमध्ये काहीतरी म्हटलं, त्यात 'वंडी' एवढा शब्द मला कळला. गाडी.

पप्पा उठले. समईपाशी बसले. त्यांनी काडेपेटी उचलली आणि एक काडी बाहेर काढली. आईनं तोंडावर पदर घेतला. मी माझ्या वडिलांना शनिवारी काडीला हात लावताना कधी पाहिलं नव्हतं.

बुवांना दिसलं नसणार, पण काडेपेटीचा आवाज ओळखला. त्यांनी हात पुढे करून पप्पांचं मनगट धरलं.

"नोको," म्हणाले. "माझ्यापायीं तुमचा नेम मोडूं नोको. मोडलेल्या नेमावर उभं राहून मी देवाचं नांव कसं घेऊं? डोळे बरे करून येतों. मग सबंध देतों. दाट आभाळ नसेल तेव्हां."

पप्पांनी काडी परत पेटीत ठेवली. बुवांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, तो जरा चुकून कानावर पडला. मग छत्री घेऊन ते जटक्यात बसले. पप्पा जटक्यामागून स्टेशनपर्यंत चालत गेले. आमच्यात शब्बाथला गाडीत बसत नाहीत. गाडी वेळेवर सुटली, असं त्यांनी येऊन सांगितलं. रेल्वेचा माणूस आणखी काय सांगणार? चांदण्या त्या रात्री दिसल्याच नाहीत. समई मांडवात तशीच राहिली, आणि सकाळी तिच्या तेलात पावसाचं पाणी होतं.

बुवा परत आले नाहीत. डोळ्याचं झालं, पण छातीत कफ धरला आणि मार्गशीर्षात ते मद्रासलाच वारले. मुलगा घराचा निकाल लावायला आला तेव्हा स्टेशनवर पप्पांना भेटला. पप्पांनी विचारलं, "बुवा काही म्हणत होते का?" मुलगा म्हणाला, गुणगुणायचे, पण काय ते मला कळत नसे.

पुढच्या उन्हाळ्यात आमची बदली परत हुबळीला झाली आणि तिथे रुजू होण्याआधी आम्ही मुंबईला गेलो. मामांनी ठरवल्याप्रमाणे मंडळी जमवली. पप्पांनी योना केला. पदं आईची, गोष्ट त्यांची. पण प्रत्येक साकी दोन ओळींवर येऊन थांबायची, आणि पुढच्या दोन ओळी पप्पा आमच्या जुन्या सपाट चालीत ढकलायचे. लोकांनी वाहवा केली. पोरं मात्र अर्ध्यातून उठून गेली. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पुढच्या वर्षी त्यांतली बरीच इस्राएलला होती.

त्या रात्री जेवताना मामांनी विचारलं, "त्या बुवांचं सगळं नाही का मिळालं?"

पप्पांनी तो शनिवार सांगितला. थोड्या अभिमानानं सांगितला, असं मला वाटलं. एवढं गेलं, पण नेम राखला, अशा सुरात. काडेपेटी काढली होती तेही लपवलं नाही. मामा ऐकता ऐकता जेवायचे थांबले. म्हणाले, "धन्य तुझी. असं कोण पाळतं आता?" आणि मग, काही मनात न ठेवता, कढीचा वाडगा पुढे ओढत म्हणाले, "पण अरे, आभाळ असलं की घड्याळ बघतात. पावसाळ्यात मुंबईत मी काय चांदण्या शोधत बसतो? तू तर रेल्वेतला."

आईचा हात वाढता वाढता थांबला. मामांना तेव्हा कळलं आपण काय बोललो, पण शब्द गेला तो गेला.

पप्पा पाणी प्याले. मग अगदी हळू विचारलं, "सूर्य मावळल्यावर किती धरायचं?"

"धर, पाऊण तास. फार तर थोडा जास्त."

पप्पा ताटाकडे बघत राहिले. मला माहीत होतं ते काय करताहेत. गाड्यांची वेळापत्रकं ते अशीच मनात लावायचे. "म्हणजे शब्बाथ सुटला तेव्हा गाडीला अजून दोन तास होते," ते म्हणाले. कुणाला उद्देशून नाही. मामांनी टोपी काढली आणि या वेळी ती बराच वेळ परत घातली नाही.

मला मामांचा राग आला, पुष्कळ वर्षं होता. आता नाही. ते काही खोटं बोलले नव्हते. लग्नात नव्या जावयाला एक सुंदर वाक्य सांगितलं होतं, आणि सुंदर वाक्याबरोबर त्याची तळटीप कोण सांगत बसतं? पण आमची बिरादरी अशा माणसांच्या तोंडच्या शब्दांवर उभी होती. मशीद नसलेल्या गावी, दहा माणसं नसलेल्या घरी, एकेकटा माणूस मामांसारख्याचं एखादं वाक्य उराशी धरून बसायचा. त्याला विचारायला जवळ कुणी नसायचं. पप्पा कुंभकोणमला किती एकटे होते, हे मला त्या जेवणाच्या पाटावर कळलं.

त्यानंतर पप्पांनी योना कधी केला नाही. शब्बाथ मात्र तसाच पाळला. एक फरक केला. घड्याळ कपाटात ठेवायचे, पण शनिवारी आभाळ आलं की आईकडून किल्ली मागून घ्यायचे. वेळ झाली की मला म्हणायचे, "जा, बघून ये." मी गॅलरीत जायची, वर बघायची, परत येऊन सांगायची, "नाहीत." मग ते "बरं" म्हणायचे आणि शब्बाथ सुटल्याच्या दिव्यासाठी काडी ओढायचे. मी लग्न होऊन गेले, माहेरी आले की शनिवारी तेच. शेवटच्या आजारपणात उठता येत नव्हतं, तरी बोटानं गॅलरी दाखवायचे.

परवा नातवानं इस्राएलमधल्या अशदोदहून फोन केला. तिथे कुणी बाई आमच्या जुन्या कीर्तनांवर काम करते आहे म्हणे, आजी, तुला येतं का काही? मी त्याला साकी म्हणून दाखवली. दोन ओळी, बुवांच्या चालीत, जशी ओसरीवर मिळाली तशी.

"पुढे?" तो म्हणाला.

"एवढीच आहे," मी म्हटलं.

आता गॅलरीत अंधार झाला आहे. सुनेच्या ग्रुपवरची वेळ कधीच होऊन गेली असेल. टॉवरच्या डोक्यावर अजून गोधडी आहे तशीच आहे. सून बाहेर गेली आहे, पाठवायला घरात दुसरं कुणी नाही, म्हणून मीच बघते, आत येते आणि रिकाम्या खोलीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगते, "नाहीत." मग काडी ओढते.